गळ्याचं माप

माझ्या लेकीला त्यांनी टेबलावर उभं केलं, कारण मागच्या रांगांना तिचा गळा दिसत नव्हता.

फर्निचरचं बंद पडलेलं दुकान होतं ते. काचांना आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि भिंतीवर अजून मोठ्या अक्षरांत ‘सोफा-कम-बेड’ लिहिलेलं. त्या सोफा-कम-बेडच्या खाली उंच खुर्चीत तो बसायचा. गाठवाले बाबा. हॉल असा गच्च की एक खोकला तर पुढच्या चौघांच्या माना हलाव्यात. बाहेर फुटपाथवरही माणसं टाचा उंचावून उभी.

“नीट बघा!” बाबा माइकात ओरडला. “हिच्या गळ्याशी लिंबाएवढी गाठ होती. होती की नाही, ताई?”

“होती.”

“दवाखान्यात काय म्हणाले?”

“कर्करोग असू शकतो म्हणाले.”

“असू शकतो!” बाबाने दोन्ही हात पसरले. “ऐकलंत? असू शकतो, नसू शकतो, पाऊस पडू शकतो, नाही पडू शकत! एवढं तर पिंजऱ्यातला पोपटही सांगेल की हो!” हॉल खो खो हसला. “आणि आता त्याच दवाखान्याची तपासणी काय म्हणते? मोठ्याने सांग.”

“काही सापडलं नाही.”

लेकीने गळ्याचा रुमाल सोडला. मान गुळगुळीत होती. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की काचांवरची वर्तमानपत्रं थरथरली. माझा जावई पहिल्या रांगेत हमसून हमसून रडत होता. लेक टेबलावर उभी राहून हसत होती, आणि गर्दीत मला शोधत होती.

मी टाळी वाजवली नाही. पण माझ्याकडे उत्तरही नव्हतं, कारण तो गळा दर आठवड्याला मीच मोजला होता, माझ्या टेपने, माझ्या हातांनी. गाठ खरोखर गेली होती.

उत्तर पुढे सापडलं. ते सांगायला हे लिहिते आहे. शाळेची नि माझी ओळख तिसरीपर्यंतची, तेव्हा अक्षरांच्या चुका काढायच्या तर खुशाल काढा. मजकुरात मात्र एक टाका खोटा सापडायचा नाही.

आमचं शिवणकामाचं दुकान सायकलवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. खिडकीशी शिवणयंत्रं, मधोमध कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. हे दुकान मी उभं केलं, नवरा गेल्यावर एकटीने चालवलं, आणि माझ्या हाताखाली शिकून गेलेले कारागीर आज मला रस्त्यात भेटले तर सिगारेट लपवतात. कापायचं काम लेकीचं. कात्री तिच्या हातात गेली की कापडाला पत्ता लागायचा नाही आपण कधी वेगळे झालो. इस्त्री आणि काजं-बटणं जावयाकडे. माणूस सोन्यासारखा, पण भित्रा. इस्त्रीची वायर तापली तरी आधी देवाचं नाव घेणार, मग बटण बंद करणार.

लेकीला रक्ताचा कर्करोग होता. काही वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हातपाय गाळले होते. पण रक्ताच्या आजारांची जी डॉक्टरीणबाई आहे, चष्म्यातून रोखून बघणारी, तिने एक गोळी दिली. रोज एक.

“रक्त तयार करणाऱ्या कारखान्यात एक बटण चालूवर अडकलंय, आजी,” ती मला म्हणाली होती. “पांढऱ्या पेशी निघतच राहतात. ही गोळी नेमकी त्या बटणात जाऊन बसते. इकडेतिकडे फारसा घाव घालत नाही.”

“म्हणजे यंत्राच्या पेडलवर पाय अडकलाय, तो काढायचा. यंत्र फोडायचं नाही.”

“अगदी तसंच, आजी.”

“आणि आजी कुणाला म्हणताय? मी हिची आई आहे.”

ती हसली, पण आजी म्हणायची थांबली नाही.

गोळीने काम चोख केलं. लेक पुन्हा टेबलाशी उभी राहिली. सुयांच्या डबीशेजारी तिच्या गोळ्यांचं पाकीट असायचं. सकाळचा चहा, गोळी, मग कात्री. आजार घरातल्या जुन्या मांजरासारखा होऊन गेला, आहे पण कुणाला त्रास नाही.

मग एक दिवस मी तिच्यासाठी बंद गळ्याचं जाकीट बेतायला घेतलं. गळ्याभोवती टेप फिरवली आणि टेप अडली. डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या वर गाठ होती. दुखत नव्हती. बोटाखाली रबरासारखी.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, काख चाचपली, पोट चाचपलं. मग म्हणाल्या, “जुना आजार रक्तात आटोक्यात दिसतोय. पण ही गाठ त्याचीच आहे की वेगळा आजार आहे, ते तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. लसिकाग्रंथींचाही कर्करोग असतो, त्याला लिम्फोमा म्हणतात. तुमच्यासारख्या गोळीवर असणाऱ्यांत तो फार क्वचित होतो. पण झालेला आहे.”

“गोळीमुळे होतो?” लेकीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “माहीत नाही. गोळीमुळे, जुन्या आजारामुळे, की दोघांचा काही संबंध नसताना, ते आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. इतक्या थोड्यांना होतो की कोडं सुटायला पुरेशी माणसंच नाहीत. पण तो निघालाच तर उपचार आहेत. लवकर पकडला तर चांगली संधी आहे. पुढच्या आठवड्यात तुकडा काढू. रोजची गोळी मात्र चालूच ठेवा.”

एवढं सगळं बोलणं झालं, पण जिना उतरताना लेकीच्या हातात दोनच शब्द उरले होते.

“आई, त्यांना माहीतच नाही.”

“खरं बोलली बाई. दुसरी असती तर थाप मारून मोकळी झाली असती.”

“मी गोळी गिळू की थुंकू, तेही त्यांना माहीत नाही.”

“गिळायची! तसं सांगितलं ना त्यांनी स्पष्ट?”

ज्या गोळीने आपल्याला वाचवलं तीच आपल्याला मारत असेल, हा विचार एकदा मनात शिरला की काट्यासारखा सलत राहतो. त्यात कुणातरी गिऱ्हाइकाने जावयाच्या कानात फुंकलं, की फर्निचरच्या दुकानात एक बाबा बसतो आणि चाकू-सुईशिवाय गाठी वितळवतो.

मी पण गेले. माझ्याशिवाय माझी लेक कुणापुढे मान वाकवणार असेल, तर ती कुणापुढे हे मला बघायचंच होतं.

बाबा दिसायला गुळगुळीत. पांढराशुभ्र सदरा, पण खांद्याची शिवण उतरलेली आणि कॉलरचं कापड बुडबुड्यांसारखं फुगलेलं. जगाच्या गाठी सोडवतो आणि स्वतःचा खांदा बसवून घेता येत नाही! पण तोंड काय चालायचं! माइकातून नुसता साखरेचा पाक.

“डॉक्टर म्हणतात, माहीत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्या दारात रांगा लावता? मला माहीत आहे! औषधांचं विष शरीरात उतरतं आणि गळ्याशी येऊन तुंबतं. तिथे सुई टोचली की ते फुटतं, फुटलं की पसरतं. मी टोचत नाही, कापत नाही. मी त्याला फक्त परत जा म्हणतो!”

मग दोऱ्याचा खेळ. लेकीला पुढे बसवलं. “श्वास भरून घे. दातांवर दात दाब. मान ताठ!” गळ्याभोवती लाल दोरा घट्ट बांधला. गाठीवर हात फिरवला, डोळे मिटून पुटपुटला. “आता सगळं सैल सोड.” दोरा खाली लोंबला. हॉलमध्ये एकच गलका.

मी उभी राहिले. “अहो बाबा, गळ्याचं माप घेताना गिऱ्हाइकाने श्वास कोंडला आणि दात आवळले तर मान फुगते. नवशिका शिंपीसुद्धा असं माप घेत नाही. शर्ट ढगळ होतो.”

लोक माझ्यावर फिस्कारले. एक बाई म्हणाली, “म्हातारीला बसवा कुणीतरी.” जावयाने खाली मान घातली. बाबा मात्र चिडला नाही. हसला.

“मावशी शिंपीण आहेत! फार उत्तम. मग माझा दोरा जाऊ दे कचऱ्यात. तुमची टेप आणा, तुमच्या घरी मोजा, तुमच्याच हातांनी. दर आठवड्याला. गाठ उतरली नाही तर मी हा माइक सोडून देईन.”

थापाड्या माणूस मापाला घाबरतो. हा मापाला बोलावत होता.

त्यानंतर त्याने लेकीला पडद्यामागे नेलं, एकटीला. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो असाच आत न्यायचा. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “मंत्र दिला. सांगायचा नसतो.”

तुकडा काढायची तारीख लेकीने चुकवली. पुढच्या आठवड्यात मी टेप लावली. शांत बसवून, श्वास सोडायला लावून, हवं तसं. गळा कमी भरला. पुन्हा लावली. तेवढाच. त्याच्या पुढच्या आठवड्यात बोटाला गाठ शोधावी लागली. मग बोटाला ती सापडेनाशी झाली.

आणि लेक! कधी नव्हे ती भूक. गालांवर लाली. सकाळी माझ्या आधी दुकान उघडायची, दिवसभर कापायची आणि थकायची नाही. “आई, तुझा दोऱ्याचा मुद्दा बरोबर होता,” ती हसत म्हणाली, “पण टेप तर आपली आहे ना?”

आमच्या घरात टेपच्या वर कुणी नाही. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी आम्ही टेप लावतो आणि भांडण मिटतं. लहानपणापासून तिला मी हेच शिकवलं, डोळे फसतात, टेप फसत नाही. आता जावई टेपला हात जोडायला लागला, आणि मला मान खाली घालून टेप गुंडाळावी लागायची. दुसऱ्या कुठल्या घरात माणसं अशी पटकन विरघळली नसती. ती म्हणाली असती, आमच्या नजरेचा भास असेल. आमच्यापाशी तर मोजलेला पुरावा होता.

तरी मी हट्ट सोडला नाही. “गाठ जातेय ना? मग आत काय उरलंय त्याचा तुकडा देऊन ये. तुझ्या बाबाचीच शान वाढेल.” हे तिला पटलं. डॉक्टरीणबाईंना सोनोग्राफीत गाठ इतकी आक्रसलेली बघून आनंद झाला नाही, कपाळाला आठी पडली.

“आणखी कुठलं औषध चालू आहे? काढा, चूर्ण, काहीही?”

“नाही,” लेक म्हणाली.

“नेहमीची गोळी रोज?”

“रोज.”

लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, सुईची धास्ती असेल.

तपासणीचं उत्तर जावयाने फोनवर ऐकलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, “नमुन्यात नक्की काही सापडलं नाही, पेशी मेलेल्या दिसतात, याचा अर्थ आजार नाही असा नाही, पुन्हा तपासावं लागेल, लगेच या.” जावयाने पहिलं वाक्य ऐकलं आणि फोन हातात तसाच धरून जिन्यावरून ओरडत सुटला. बाकीचं आम्हाला पुढे कळलं. त्याच आठवड्यात लेक टेबलावर उभी होती आणि काचा टाळ्यांनी थरथरत होत्या.

आता इथून पुढचं लिहायला हात जड होतो.

टाळ्यांनंतर काही दिवसांनी तिचे कपडे माझ्याकडे यायला लागले. कंबरेत आवळतात, आई. कंबर सैल केली. मग बाह्या लोंबायला लागल्या, त्या आत घेतल्या. चेहरा फुगून गोल झाला, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा आला, कॉलर बसेना, आणि दंड मात्र वाळलेल्या फांदीसारखे. अंगाने सुटलेलं माणूस सगळीकडून सुटतं. हे कुठलं अंग होतं, एकीकडे उसवायचं आणि दुसरीकडे आवळायचं?

मग ताप आला. काखेत गाठ आली. मग गळ्यात, होती तिथेच.

त्या सकाळी लेक उशिरा उठली, म्हणून मीच टेबलाशी कापायला उभी राहिले. तिचा खडूचा डबा उघडला. खडूच्या तुकड्यांखाली कागदाच्या बारक्या पुड्या होत्या, आत पांढरी पूड. मला वाटलं खडूच झिजून पडलाय. चिमटीत घेऊन कापडावर रेघ ओढली. रेघ उठली नाही. जिभेला लावली. वरून गोड, आणि मग असा कडूपणा की थुंकून थुंकून जाईना.

लेक दारात उभी होती.

“आई, ठेव ते. कुणाला सांगितलं तर गुण जातो.”

“हा मंत्र का तुझा?”

“हळू बोल.”

“आणि गोळी?”

चिंध्यांच्या पोत्याकडे नजर गेली तिची, आणि मी ते पोतं फरशीवर उपडं केलं. अस्तराच्या कतरणीत, लोकरीच्या तुकड्यांत, तिच्या रोजच्या गोळ्या. एकेक करून टाकलेल्या. मी तिला मारलं नाही. लहान होती तेव्हा मारत असे. त्या दिवशी नुसती खाली बसले आणि एकेक गोळी वेचत राहिले, आणि ती पण माझ्याजवळ बसून वेचायला लागली.

“मला जगायचं होतं गं,” ती म्हणाली. “बाबा म्हणाले, दोन्ही एकत्र चालणार नाही.”

मी पुडी घेऊन तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पुडी हातावर घेतली, लेकीच्या फुगलेल्या चेहऱ्याचं मी केलेलं वर्णन ऐकलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांना तोवर कधी बिनचष्म्याचं बघितलं नव्हतं. अगदी पोरगी दिसल्या.

“तपासून घेते. पण मला वाटतं, हे स्टेरॉइड आहे, आजी. दळलेल्या गोळ्या, वर पिठीसाखर.”

तपासणीत तेच निघालं.

मी म्हटलं, “मला समजेल असं सांगा. गाठ गेली होती. मी मोजली होती.”

“तुमचं माप खरं होतं. हे औषध लिम्फोमाच्या पेशी खरंच मारतं. भूक लावतं, अंगात तरतरी आणतं, चेहरा भरतं. आम्हीसुद्धा वापरतो, पण दुसऱ्या औषधांच्या जोडीने, मोजून. एकटं दिलं तर थोडे दिवस गाठ वितळते. मग ज्या पेशी त्याला पुरून उरतात त्या वाढतात, आणि मग ते औषधही ऐकत नाही.”

“कच्चा टाका,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“कपडा अंगावर लावून बघायला आम्ही कच्चा टाका घालतो. बसतो झकास. पण तो घालून कुणी रस्त्यावर गेलं तर कोपऱ्यावरच सुटेल.”

“तेच आहे हे,” त्या म्हणाल्या. “आणि आणखी एक. या औषधावर असताना तुकडा काढला तर आजार ओळखू येत नाही. पेशी मेलेल्या मिळतात. म्हणून मी विचारलं होतं की आणखी काय चालू आहे.” त्यांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. “एवढ्यासाठीच तो सांगू नका म्हणतो. गुण जाईल म्हणून नाही. आम्हाला कळेल म्हणून.”

पुन्हा तुकडा काढला. लिम्फोमाच होता, जोरकस जातीचा, आणि आता पोटातही पोचलेला. रोजची गोळी सुटल्याने जुना आजारही जागा झाला होता. दोन आगी, एकाच घरात. उपचार सुरू झाले. पहिल्या सलाइननंतर लेक मला म्हणाली, “मला तिथे ने.”

“कुठे?”

“जिथे मी टेबलावर उभी होते तिथे. मला बघून किती जणांनी पुडी धरली असेल, आई.”

डॉक्टरीणबाई आधी नको म्हणाल्या, मग स्वतःच बरोबर आल्या. जावयाने लेकीला उचलून जिना उतरवला. चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही तिला हॉलमध्ये नेलं. बाबा नव्या कुणाला तरी दोरा बांधत होता. गर्दी आपोआप फाटली. तिला ओळखायला लोकांना वेळ लागला, आणि ओळखल्यावर कुजबूज बंद झाली.

“मी तीच,” लेक म्हणाली. आवाज इतका बारीक की जावयाने जाऊन बाबाच्या हातातला माइक काढून घेतला. त्या भित्र्या माणसाने! “त्या दिवशी टेबलावर उभी होते ती. आज उभं राहवत नाही, बसून सांगते. आई, माप घे.”

मी टेप काढली. लेकीला श्वास सोडायला सांगितला. मग लावली आणि आकडा मोठ्याने सांगितला. पहिल्या मापापेक्षाही दीड इंच जास्त होता.

बाबा सावरला. “बघा! गुपित फोडलं! मी सांगितलं होतं, फोडलंस की गुण जाईल!” पुष्कळ माना हलल्या. खरंच हलल्या, माझी लेक समोर मरणाच्या दारात बसलेली असताना.

लेकीने त्याच्याकडे बघितलं. “बाबा, गाठ आधी परत आली. मी तेव्हाही गप्पच होते. पुडी वाढवून घेत होते आणि गप्प होते. गुपित फोडल्याने गुण गेला नाही. गुपित ठेवल्याने माझे दिवस गेले.”

मागच्या रांगेतल्या एका बाईने पर्स उघडली आणि तसलीच कागदाची पुडी बाहेर काढली. शेजारच्या म्हाताऱ्याने खिशातून काढली. मग अशा निघत गेल्या की बघवेना. एकेकाला वाटत होतं, बाबाने हे आपल्या एकट्यालाच दिलंय.

मी पडदा बाजूला सारला. आत मंत्र नव्हता, मिक्सर होता. घरात असतो तसला मिक्सर, झाकणावर पांढरी पूड, शेजारी पिठीसाखरेची पिशवी, आणि टोपली भरून रिकामी चकाकती पाकिटं, औषधाच्या दुकानात मिळतात तशी. मी ती टोपली उचलून हॉलच्या मधोमध ओतली.

डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “हे स्टेरॉइड आहे. कृपा करून रागाच्या भरात एकदम बंद करू नका, शरीराला त्याची सवय झालेली असते, एकदम सोडलं तर जिवावर बेतेल. पुडी घेऊन कुठल्याही दवाखान्यात जा. काय घेता ते खरं सांगा. तुम्हाला कुणी रागावणार नाही.”

बाबा तोवर मागच्या दाराने गेला होता. नंतर त्याला पकडलं म्हणतात. मला ते ऐकून थंडावा मिळाला नाही. मला तो नको होता, मला लेक हवी होती.

ती पुढे फार राहिली नाही. शेवटी-शेवटी डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन बसायच्या. एका दुपारी लेकीने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

“गोळीमुळेच झालं का हो हे?”

“अजूनही माहीत नाही.”

लेक हसली. “तेव्हा या दोन शब्दांचा किती राग आला होता मला. वाटलं, एवढं शिकून हेच सांगता? माझ्या वाट्याला आलेलं खरं तेवढंच होतं.” मग थांबून म्हणाली, “माझ्या गाठीचा तुकडा आहे ना तुमच्याकडे? टाकू नका. रक्त हवं तेवढं घ्या. गोळी कधी घेतली, कधी टाकली, पुडी किती घेतली, सगळं मी खरं सांगते. पुढे माझ्यासारखी कुणी विचारेल, तेव्हा तिला ‘माहीत आहे’ असं सांगता आलं पाहिजे.”

मी डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं. “आधी आली असती तर वाचली असती ना?”

“नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही, आजी. संधी होती. मोठी होती.”

तिथेही खोटं बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला ते खोटं हवं होतं, दोन्ही बाजूंपैकी कुठलंही. पण त्यांनी दिलं नाही, आणि म्हणून मी त्यांचा हात धरून रडले. आजी म्हणू दिलं.

लेकीचं बंद गळ्याचं जाकीट अर्धवटच आहे. कच्चे टाके घातलेलं, कॉलर लावायची राहिलेली. तिच्या गळ्याची तिन्ही मापं मला पाठ आहेत. गाठीचं, गाठ गेल्याचं आणि शेवटचं. मधलं माप खोटं नव्हतं. टेप खोटं बोलली नाही. किती, एवढंच टेपला ठाऊक असतं, कशाने हे आम्ही कुणी विचारलं नाही. कापड पाण्यात आटलं तर आम्ही शिंपी पाण्याला नमस्कार घालत नाही, धागा तपासतो. माझ्या घरात कापडापुरतं हे सगळ्यांना कळत होतं.

म्हणून हात जोडून सांगते, आणि मी सहसा कुणापुढे हात जोडत नाही. कुणी तुम्हाला बरं करून दाखवलं तर आनंद करा, पण कशाने बरं झालं ते विचारा. जो म्हणेल विचारू नकोस, सांगू नकोस, त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नका. जे घेता ते डॉक्टरला दाखवा, लाज वाटली तरी दाखवा. आणि कुणी तोंडावर ‘माहीत नाही’ म्हणाला, तर उठून जाऊ नका. बसा त्याच्यापाशी. तो शोधत असतो.